पिकअपचं इंजिन ९४,००० किलोमीटरला उघडलं, त्यानंतरचे आठ महिने

गाडीचे आकडे लिहीत बसत नाही, इंदूरच्या मंडीत दर तिसरी पिकअप हीच उभी असते. डिझेल, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), बीएस-६ (प्रदूषणाचा निकष). माझी गाडी देपालपूर-गौतमपुऱ्याकडचा बटाटा-कांदा चोइथराम मंडीत आणते आणि महिन्यातून दोन-तीनदा मानपूरचा घाट उतरून धामनोदला जाते. पासिंगपेक्षा जास्त माल कधी भरला नाही, ऑइल नेहमी वेळेआधी बदललं. तरी ९४,००० ला इंजिन खोलावं लागलं, आणि ज्या कारणानं लागलं त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी दर १,५०० किलोमीटरला लिटरभर ऑइल कमी व्हायला लागलं. जमिनीवर थेंब नाही. सकाळी निळसर धूर, आणि चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं की भसाभस वाफ. सर्व्हिस सेंटरनं आधी सांगितलं, "एवढं नॉर्मल आहे." मग डिझेलमध्ये भेसळ आहे म्हणाले. मग चालवणाऱ्यावर आले. गाडी मी स्वतः चालवतो. तीन फेऱ्यांत इंजिन फ्लश, ऑइल फिल्टर आणि लेबर धरून ११,००० रुपये घेतले, पण एअर फिल्टरच्या पुढचा पाइप एकानंही काढून पाहिला नाही. मीही तोवर ऑइललाच दोष देत होतो, दोनदा ब्रँड बदलला.

शेवटी देवास नाक्याच्या एका जुन्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी फिल्टरकडून टर्बोला जाणारा रबरी पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर पिठासारखी बारीक धूळ. "भिया, इंजन ने धूल खाई है." टर्बोच्या पंख्याच्या पात्यांची धार झिजून गोल झाली होती. पाइपाची क्लिप तिरकी बसलेली, कडेला खिळा जाईल एवढी फट. ती क्लिप बॅटरीच्या ट्रेमागे आहे, वरून दिसतच नाही. कधीतरी ट्रे काढून परत बसवताना कुणीतरी ती तशीच सोडली. चाळीस रुपयांची क्लिप!

ही फट इतकी महागात का पडते ते मला तेव्हा नीट समजलं. एक लिटर डिझेल जाळायला इंजिन कमीत कमी १०,००० लिटर हवा ओढतं. फिल्टरच्या आधी फट असेल तर कागद धूळ अडवतो. फिल्टरच्या नंतर असेल तर अडवणारं काहीच उरत नाही. आणि घात करते ती डोळ्यांना न दिसणारी धूळ. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. त्याच्या चौथाईएवढा कण रिंग (पिस्टनभोवतीची कडी) आणि लाइनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं) यांच्यामधल्या ऑइलच्या थरात शिरतो आणि पॉलिश पेपरसारखा दोन्हीकडून घासतो. मग तोच कण ऑइलबरोबर खाली बेअरिंगपर्यंत जातो. ऑइल कितीही भारी टाका, त्यात वाळू असेल तर त्याचा काय उपयोग?

रिंग, लाइनर, बेअरिंग, टर्बोचं काम, सगळं मिळून ८६,००० रुपये. गाडी १७ दिवस उभी, तीही कांद्याच्या सीझनमध्ये.

इथवर सगळा दोष मी सर्व्हिस सेंटरला देत होतो. दोन महिन्यांनी मत थोडं बदललं. मी दर रविवारी टायरवाल्याकडे फिल्टर काढून कॉम्प्रेसरची हवा मारायचो आणि त्यालाच देखभाल समजायचो. उस्तादांनी माझा जुना फिल्टर बल्बसमोर धरला, तर कागदाला दोन ठिकाणी टाचणीएवढी भोकं. शिवाय दर वेळी फिल्टरचा डबा उघडला की झाकणावरची धूळ आतल्या बाजूला पडते. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो उलट जास्त चांगला गाळतो, हेही मला माहीत नव्हतं. आता हवा मारणं पूर्ण बंद. मॅन्युअलमध्ये धुळीच्या भागासाठी जे अंतर दिलंय त्यावर नवा फिल्टर टाकतो, आणि जुना काढण्याआधी डबा ओल्या फडक्यानं पुसतो. अडीचशेचा लोकल फिल्टर आता घेत नाही, त्याचं कडेचं रबर दगडासारखं कडक असतं आणि नीट दबत नाही. पैसे मी इतर ठिकाणी वाचवतो, इथे नाही.

उस्तादांची एक युक्ती मात्र लाखाची. फिल्टरकडून टर्बोला जाणाऱ्या पाइपात आतून ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा. महिन्यानं पाइप काढून बघायचं. ग्रीस स्वच्छ तर सगळं सीलबंद, करडं झालं तर कुठूनतरी धूळ येतेय. आठ महिन्यांत पाच वेळा बघितलं, पाचही वेळा स्वच्छ. पहिल्यांदा ते स्वच्छ ग्रीस पाहिलं तेव्हा खरंच हायसं वाटलं.

बाकीचं थोडक्यात. ऑइल १५डब्ल्यू-४०, पण बीएस-६ ला चालणारं सीके-४ ग्रेडचं. जुन्या ग्रेडच्या ऑइलची राख जास्त, ती डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळी अडवणाऱ्या गाळणीत, साठते. घाट चढून आल्यावर मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून मगच बंद. मे महिन्यात एका मेकॅनिकनं "थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड राहील" म्हटलं (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह), मी साफ नाही म्हटलं. इंजिन थंड राहिलं की न जळलेलं डिझेल लाइनरवरचं ऑइल धुऊन नेतं, म्हणजे परत तीच झीज. रेडिएटरमध्ये बोअरिंगचं पाणी अजिबात नाही, आमच्याकडच्या बोअरिंगच्या पाण्यानं किटलीतसुद्धा खार बसतो.

इंजिन उघडल्यापासून आता २६,००० किलोमीटर झाले. दोन सर्व्हिसच्या मधे वरून ऑइल टाकावं लागत नाही, सकाळचा धूर गेला. गाडीवर माझा राग नव्हताच, हे आता कळतं. पण ती क्लिप ट्रेमागे लपवणाऱ्यावर अजून आहे.

ज्यांच्या पिकअपची क्लिप अशीच ट्रेमागे आहे त्यांनी बॅटरीचा ट्रे काढून ती क्लिप हातानं फिरवून बघा. फिरली तर सैल आहे. अर्ध्या तासाचं काम. सोयाबीनचे थ्रेशर सुरू व्हायच्या आत करून घ्या, तेव्हा सांवेर रोडवर समोरचा ट्रकसुद्धा दिसत नाही इतकी धूळ असते.