टपावरचा तंबू: नऊ महिने वापरल्यानंतर

गाडीच्या टपावर बसवून आत झोपायचा, टणक झाकणाचा हा तंबू घेण्याआधी मी गादी, कापड, शिडी, झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे सगळं तपासलं. मोजला नाही तो आमच्या बिल्डिंगचा बीम.

मुलुंडला आमची गाडी स्टिल्टखाली, म्हणजे बिल्डिंगच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये लागते. गाडी १८० सेंमी उंच, क्रॉसबार (तंबू ज्यावर बसतो ते टपावरचे आडवे दांडे) ९, बंद तंबू २२, म्हणजे २११. बीम २१० वर. पहिल्या ट्रिपहून चौघं सामानासकट परतलो, तेव्हा गाडी दबलेली होती, सुळकन आत गेली. सामान उतरलं, माणसं उतरली, गाडी वर आली. सकाळी ऑफिसला निघालो तर टर्रर्र! वॉचमनकाका, पेपरवाला आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका मागे बसले तेव्हा कुठे गाडी बाहेर निघाली. झाकणावरचा तो ओरखडा अजून आहे. नंतर टपाच्या दोन कडांच्या रेलच्या मधोमध बसणारे बुटके बार घेतले, पाच सेंमी वाचले. तरी ‘२.१ मी.’ची पाटी असलेल्या मॉलच्या बेसमेंटकडे मी आता वळतच नाही.

दुसरं वजनाचं. चालत्या गाडीच्या टपाला किती झेपतं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. माझ्या गाडीला ७५ किलो. तंबू ६३, बार ७, झाले ७०. बारचं वजन लोक हमखास विसरतात. उभ्या गाडीवर हीच मर्यादा बरीच वर जाते, म्हणून तर रात्री दोन माणसं वर झोपू शकतात.

कापडी घडीचा तंबू स्वस्त पडला असता आणि उघडल्यावर जागाही जास्त. पण भंडारदऱ्याला अंधारात पोचल्यावर दोन कड्या सोडायच्या आणि झाकण वर ढकलायचं, एवढंच काम उरतं, तेव्हा पैसे वसूल वाटतात. बंद करायला मात्र पाच मिनिटं लागतात. बाजूचं कापड आत खोचत राहावं लागतं, नाहीतर ते कडेत चिमटतं आणि तिथूनच पाणी शिरतं.

आमचा एका बाजूने उघडणारा, पाचरीसारखा. बुटकी बाजू वाऱ्याकडे करून गाडी लावायची. पवनेला एकदा उलटी लावली, रात्रभर कापड फडफडत होतं, बायको खाली सीटवर जाऊन झोपली. जमीनही सपाट हवी, नाहीतर पहाटेपर्यंत दोघं एका कोपऱ्यात.

डिसेंबरातल्या थंडीत छताचं अ‍ॅल्युमिनियम गार पडतं आणि आपल्याच श्वासाची वाफ त्यावर धरते. पहाटे चारला कपाळावर टप्पकन थेंब. आधी वाटलं गळतोय, विक्रेत्याला फोनही केला. उपाय साधा: दोन्ही खिडक्या चार बोटं उघड्या ठेवायच्या. गादीखाली जाळीची चटई घातली, नाहीतर तिथेही ओल धरते.

मे अखेर पुरुषवाडीला काजवे बघायला गेलो आणि वळवाने गाठलं. विजा सुरू झाल्यावर खाली उतरून गाडीत बसलो. तंबू आतून कोरडा होता, पण ओला तसाच बंद करून आणला आणि मुंबईच्या दमट हवेत दोन दिवस विसरलो. शिवणीवर काळे ठिपके आले, ते काही जात नाहीत. आल्या दिवशी उघडून वाळवायचा, आणि आमच्या कंपाउंडमध्ये तंबू उघडला की पोरं शिडीवर चढतात, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं.

मायलेज हायवेला चौदावरून साडेबारावर आलं. नव्वदच्या पुढे वारा शीळ घालतो. खड्ड्यांनी नट ढिले होतात, कसारा घाट चढण्याआधी मी पाना लावून बघतोच.

पावसाळ्यासाठी चौघांनी मिळून उतरवला. लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून कर्जतला मामांच्या पडवीत भिंतीला टेकवलाय. मामी त्याच्यावर टॉवेल वाळत घालते.