मिटिगेट की मिलिटेट?

इंग्रजीतल्या या दोन क्रियापदांचे उच्चार इतके जवळचे की गल्लत ठरलेलीच. मिटिगेट म्हणजे तीव्रता कमी करणे. मूळ लॅटिन ‘मिटिस’, म्हणजे मऊ. ते थेट कर्म घेते: ‘मिटिगेट द रिस्क’. मध्ये ‘अगेन्स्ट’ घुसला की वाक्य बिघडले, आणि नेमकी हीच चूक अहवालांत सर्रास दिसते. नुकसान पूर्ण टाळायचे असेल तर ‘प्रिव्हेंट’. मिटिगेटमध्ये थोडे उरतेच. न्यायालयात शिक्षा सौम्य व्हावी अशी परिस्थिती म्हणजे ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’.

मिलिटेटचे मूळ ‘मिलेस’, म्हणजे सैनिक. अर्थ आड येणे. याला ‘अगेन्स्ट’ बहुतेक लागतोच, आणि कर्ता सहसा माणूस नसून कारण असते: ‘हिज एज मिलिटेटेड अगेन्स्ट हिम’. ईमेलात मात्र साधे ‘वर्क अगेन्स्ट’ पुरते. आधी मिटिगेटच पक्के करा. कामाला तेच जास्त येते.