‘सिलिंडर लागतच नाही’ म्हणणाऱ्या नायट्रो मशीनवाल्यापासून सावध

आमच्या मालवण-तारकर्ली पट्ट्यात सरबताचा स्टॉल किंवा होमस्टे चालवणाऱ्यांना हल्ली एक फोन येतो. कोकम ओता, सोलकढी ओता, आमरस ओता, नळातून मलईसारखा गारेगार फेस पडेल. गोव्याच्या कॅफेत मिळतं तसलं नायट्रो ड्रिंक, म्हणजे नायट्रोजन वायू कोंबून फेसाळवलेलं पेय. आणि सिलिंडर नको, मशीन हवेतूनच नायट्रोजन खेचून घेतं! या बोलण्यावर माझे एक लाख ऐंशी हजार गेले.

बोलणं पटतं, कारण ते अर्धं खरं आहे. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो आणि तो वेगळा काढणारी यंत्रंही असतात. पण त्यांना दाबाखालची कोरडी, गाळलेली हवा लागते, म्हणजे चांगला दणकट कॉम्प्रेसर आला. आपल्याला मात्र सिलिंडर भरून आणायला कुडाळ-कोल्हापूरच्या वाऱ्या वाचणार, एवढंच ऐकू येतं.

मे महिन्याच्या सीझनआधी माणूस येऊन मशीन बसवून गेला. स्टॅबिलायझर लावा, मागची जाळी भिंतीपासून लांब ठेवा, खाऱ्या हवेने ती सडते म्हणून पुसत जा, साखर 13 ब्रिक्सच्या (शंभर ग्रॅम सरबतात साधारण 13 ग्रॅम साखर) आसपास ठेवा नाहीतर आत बर्फाचा दगड होईल. हे सगळं त्याने बरोबर सांगितलं, म्हणूनच बाकीच्यावरही विश्वास बसला. त्याने स्वतःची पावडर घालून ग्लास भरला. वर दोन बोटं दाट फेस! उरलेले पैसे तिथेच दिले.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्या आगळाचं (कोकमाच्या घट्ट रसाचं) सरबत घातलं. बर्फाळ कोकम आलं, पण फेस नाही. मोठेमोठे बुडबुडे, ग्लास टेबलावर पोचेपर्यंत फुटलेले. नायट्रोजन पाण्यात जेमतेम विरघळतो, दाबाने कोंबावा लागतो आणि नळातून सुटताना अगदी बारीक बुडबुड्यांनी बाहेर पडतो, मलईदारपणा त्याचाच. फोन केला तर उत्तर, ‘तुमच्या कोकमात तेल नाही, आमचीच पावडर वापरा.’ कोकमात तेल! पाकीट उलटून वाचलं तर त्यात इमल्सिफायर आणि स्टॅबिलायझर, म्हणजे फेस दाट करून धरून ठेवणारे पदार्थ. म्हणजे फेस पावडरचा होता, आतलं पातं घुसळत होतं आणि नायट्रोजनचं नाव होत होतं.

मग पुढच्या, दाब दाखवणाऱ्या गेजकडे लक्ष गेलं. लाइट गेलेली, मशीन बंद, आणि काटा तीसवर तसाच. फ्रिजवाल्या मेकॅनिकने मागचं पॅनल उघडलं. गेजच्या मागे नळीच नव्हती. निळा दिवा, एक स्पंजचा फिल्टर आणि तळहाताएवढा पंप. तो म्हणाला, ‘हो तर माशांच्या टाकयेतलो पंप आसा!’

खात्री हवी म्हणून पंपाची नळी काढून बादलीत पाण्याने भरलेल्या उलट्या बरणीखाली धरली. पाणी जाऊन बरणी त्या ‘गॅस’ने भरली. बशी झाकून ती सरळ केली आणि तारेला बांधलेली पेटती मेणबत्ती आत सोडली. नायट्रोजनमध्ये ती तत्काळ विझायला हवी होती. आमची खुशाल जळत राहिली. याचा व्हिडिओ काढून ठेवला. कोणी असलं मशीन दाखवायला आलं तर उरलेले पैसे देण्याआधी त्याच्यासमोर हा प्रयोग करा, आणि सरबत आपलं घाला, त्याची पावडर नको.

बिल मात्र त्याने हुशारीने केलंय. ‘स्लश डिस्पेंसर, 1 नग’. नायट्रोजनचा उल्लेख नाही. आता म्हणतो, बिलात लिहिलंय तेच दिलं. पण व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं माहितीपत्रक आणि त्याचा आवाजी मेसेज आहे, दोन्हींत ‘शुद्ध नायट्रोजन’ स्पष्ट आहे. तुम्ही ते शब्द बिलावरच लिहून घ्या.

धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक तक्रार होत नाही, असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं. तसं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू वगळलेली नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी फोन केला, नंतर ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात कागद दिले. ते दिल्यावर विक्रेत्याचा फोन आला: तक्रार मागे घ्या, दहा किलो पावडर फुकट देतो.