साडेतीनशे रुपयांचा स्विच आणि द्वारका सर्कल : साडेआठ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडीचं नाव लिहीत नाही. 100 सीसी, चार गिअर, दोन्हीकडे ड्रम ब्रेक, कुठल्याही पार्किंगमध्ये पाचातली एक तीच असते. मायलेज, टाकी, सीटची उंची हे सगळं तुम्हाला तोंडपाठ असणार, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते साइड स्टँडच्या स्विचबद्दल.

जुलैत, सकाळी पावणेनऊला, नाशिकच्या द्वारका सर्कलच्या बरोब्बर मधोमध गाडी बंद पडली. खरखर नाही, धक्का नाही, कुणी चावी फिरवावी तशी गप्प. मागे एसटी, डावीकडे रिक्षा, उजवीकडे टेम्पोवाला आईबहिणीवर आलेला. सेल्फ मारला, काही नाही. किक मारली, काही नाही. ढकलत कडेला नेली आणि बघतो तर मीटरवर साइड स्टँडचा लाल दिवा. स्टँड वर होता. गाडीचं मत वेगळं होतं.

ज्यांच्या जुन्या गाडीला हे प्रकरण नव्हतं त्यांच्यासाठी: स्टँडच्या सांध्याशी एक छोटा स्विच असतो. स्टँड खाली असला की तो इंजिन चालू देत नाही. कल्पना चांगली. पण तो बसवलाय जमिनीपासून वीतभर उंचीवर, चाकाचा सगळा चिखल जिथे उडतो नेमका तिथे. पहिल्यांदा पायाने स्टँडला चार लाथा घातल्यावर गाडी चालू झाली. पुढच्या पंधरवड्यात अकरा वेळा बंद पडली, मी मोजलंय. गांधीनगरला दोनदा, मुंबई नाक्याला चारदा, बाकी द्वारकेला. म्हणजे जिथे हळू जावं लागतं आणि खड्ड्यात पाणी असतं, तिथेच.

मी जेलरोडला राहतो, कामाला अंबड एमआयडीसीत. बिटको, उपनगर, द्वारका, मुंबई नाका, लेखानगर, पाथर्डी फाटा. येऊन-जाऊन 30 किलोमीटर. गाडी 62 चं अ‍ॅव्हरेज देते (टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, मीटरवरचा आकडा नव्हे), पेट्रोल 104 च्या आसपास, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. इथवर माझी काहीच तक्रार नाही.

सर्व्हिस सेंटरला नेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, हे वॉरंटीत येणार नाही. वॉटर इन्ग्रेस आहे." म्हणजे आत पाणी शिरलंय.

म्हटलं, "मॅडम, ही मोटारसायकल आहे. पावसात चालते."

तिने आत जाऊन सुपरवायझरला आणलं. त्यानेही तेच इंग्रजी शब्द वापरले आणि वर प्रेशर वॉशिंग करता का, म्हणून विचारलं. मी नऊ वर्षं एकाच बादलीने गाडी धुतोय. पाऊण तास भांडलो, जॉब कार्डवर 'वॉरंटी नाकारली' असं लिहून सही द्या म्हणून अडून बसलो. सही द्यायची वेळ आली तेव्हा स्विच वॉरंटीत बसला. तो शिल्लक नव्हता. नऊ दिवस लागतील म्हणाले. किंमत साडेतीनशे.

थोडं विषयांतर. ही गाडी मी 30 मार्च 2025 ला, गुढीपाडव्याला घेतली. 1 एप्रिलपासून ओबीडी-2बीचे, म्हणजे गाडीच्या धुरावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे, नवीन नियम लागू होणार होते, म्हणून शोरूमला आधीचा माल काढायचा होता. दोन हजार कमी केले, मी खूश. मग 22 सप्टेंबरला 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. ऐंशी हजारांच्या एक्स-शोरूम किमतीत मूळ किंमत साडेबासष्ट हजार. त्यावरचे दहा टक्के म्हणजे सव्वासहा हजार. सूट वजा केली तरी पाडव्याचा मुहूर्त मला सव्वाचार हजारांना पडला. शेजारच्याने दसऱ्याला तीच गाडी घेतली आणि पेढे द्यायला आला. पेढा खाल्ला. गोड लागला नाही. जुलै 2017 पासून आठ वर्षं फिटरची, कुरिअरवाल्याची, दूधवाल्याची गाडी चैनीच्या मोटारींच्या रांगेत, सगळ्यात वरच्या कराच्या खान्यात बसवलेली होती, हे मला त्या पेढ्यामुळे कळलं.

स्विच येईपर्यंतचे ते नऊ दिवस शहर बसने गेलो. इथे माझं मत बदललं, म्हणून सविस्तर लिहितो. बिटकोवरून सीबीएस बसस्टँड, तिथून दुसरी बस अंबडला. पहिल्या दिवशी चिडत चढलो. तिसऱ्या दिवशी उपनगरच्या आधीच झोप लागली आणि कंडक्टरने सीबीएसला उठवलं. द्वारका कधी आलं, कधी गेलं, पत्ता नाही. घरी बायको म्हणाली, "चार दिवस झाले, संध्याकाळी दार आपटलं नाहीत तुम्ही." तोवर मी ठरवत आणलं होतं की गाडी विकावी.

ठरलं नाही ते दोन कारणांनी. एक, बस सोडते तिथून कंपनीचं गेट दीड-पावणेदोन किलोमीटर. पावसात ते चालायचं, नाहीतर शेअर रिक्षा. दोन्ही बस आणि रिक्षा मिळून दिवसाचा खर्च पेट्रोलच्या पन्नासच्या बराच वर गेला. दुसरं, आमची दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटते. त्या वेळी गेटबाहेर जी झुंबड उडते ती सगळी दुचाक्यांची. नऊ दिवसांत दोनदा दुसरी पाळी आली, दोन्ही वेळा मी एका हेल्परच्या मागे बसून आलो. त्या दोन रात्रींत मला कळलं की आपल्याकडे रात्रीची सार्वजनिक वाहतूक म्हणजे दुसऱ्याच्या मोटारसायकलची मागची सीट.

2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचं सूत्र होतं की वाहनं नव्हे, माणसं हलवायची. पटतं. पण अंबडच्या गेटवर उभं राहून बघा, माणसं कशावर हलतायत ते. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोला 2,092 कोटी जाहीर झाले, तेव्हा मी जुन्या गाडीच्या क्लच प्लेट बदलायचं पुढे ढकललं होतं, खरंच. मेट्रोचा खांब अजून उभा नाही, क्लच प्लेट मात्र बदलावी लागली. शहर आराखड्यात आम्हा दुचाकीवाल्यांचं नाव पार्किंगच्या अडचणीत येतं आणि अपघातांच्या आकड्यात येतं. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची. एवढ्या लोकांसाठी रस्त्याची डावी कड तरी साफ असावी की नाही? तिथे वाळू, गटारीची जाळी आणि सिंहस्थाच्या कामांसाठी खणलेल्या चाऱ्या.

हेल्मेटबाबत मात्र मी सरकारच्या बाजूने. 15 ऑगस्ट 2021 ला नाशिकमध्ये 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं तेव्हा पंपावर एकच हेल्मेट आठ डोक्यांवरून फिरताना मी पाहिलंय. हसलो होतो. आता हसत नाही, का ते पुढे.

ब्रेकबद्दल एवढंच: 'सीबीएस' म्हटलं की नाशिककराला बसस्टँड आठवतो, गाडीतल्या सीबीएसने मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. 2019 पासून छोट्या गाड्यांना ते आहे. ओल्या रस्त्यावर उपयोग होतो. सीट 40 मिनिटांनंतर टोचते. हेडलाइट बरा.

तर नवीन स्विच बसला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तोही गेला. आता सर्व्हिस सेंटरला जायचं त्राण नव्हतं. उपनगरच्या आमच्या मेस्त्रीकडे गेलो. त्याने वाकून बघितलं, म्हणाला, "काका, कशाला डोकं लावता? दोन वायरी जोडून टाकतो. पन्नास द्या." जोडल्या. तीन आठवडे स्वर्ग. मी ऑफिसात चौघांना सांगितलं की हा स्विच म्हणजे कंपनीचा मूर्खपणा, जम्पर मारून घ्या.

मग एका रात्री, दुसरी पाळी सुटल्यावर, स्टँड वर घ्यायचा राहिला. लाल दिवा लागला नाही, कारण त्याचीच वायर आम्ही फसवली होती. लेखानगरला सर्व्हिस रोडवर डावीकडे वळताना गाडी कलली आणि खालून ठिणग्या उडाल्या. मागचं चाक क्षणभर उचललं गेलं. पडलो नाही, डावा पाय टेकला, घोटा मुरगळला, हेल्मेट बाजूच्या पत्र्याच्या बॅरिकेडला घासलं. त्यावरचा ओरखडा अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीला म्हटलं, जम्पर काढ. तो वैतागला. पण त्यानेच उपाय काढला. स्विच खोलला, पेट्रोल आणि जुन्या टूथब्रशने घासला, आत बोटाने ग्रीस भरलं. मग पंक्चरच्या टोपलीतली फाटकी ट्यूब घेऊन तळहाताएवढा तुकडा कापला, स्विचवरून झडपेसारखा सोडला आणि वर दोन केबल टायने आवळला. पैसे घेतले नाहीत. गणपतीच्या आठवड्यापासून आज डिसेंबरपर्यंत गाडी एकदाही स्वतःहून बंद पडली नाही, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत होता.

एकूण 6,180 किलोमीटर झाले. घ्यावी का? आता जीएसटी कमी झालाय, तर घ्या. शोरूममधून निघाल्यावर आधी पंक्चरवाल्याकडे थांबा. ज्या चौघांना मी जम्पर मारायला सांगितलं होतं त्यातल्या तिघांनी तो काढलाय आणि पार्किंगमध्ये आमच्या चारही गाड्यांना काळी ट्यूब लोंबतेय. चौथा अजून ऐकत नाही. त्याला रोज सुटताना ओरडावं लागतं, "स्टँड!"