स्ट्रोकचे बायोमार्कर शोधताना: मास स्पेक्ट्रोमेट्री की अँटिबॉडी पॅनेल?

स्ट्रोकमध्ये मेंदूतील रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे रक्ताच्या नमुन्यावरून सांगू शकणारी प्रथिने शोधायची असतील, तर कोणत्या पद्धतीवर निधी खर्च करावा हे आधी ठरवावे लागते.

मास स्पेक्ट्रोमेट्रीत शोधायच्या प्रथिनांची यादी आधीपासून लागत नाही. ट्रिप्सिन या विकराने (एन्झाइमने) प्रथिनांचे तुकडे करून त्या तुकड्यांच्या वस्तुमानावरून प्रथिने ओळखली जातात, त्यामुळे अनपेक्षित प्रथिन किंवा परिचित प्रथिनाचे बदललेले रूपही हाती लागते. खरी अडचण रक्तद्रवाची (प्लाझ्माची) आहे. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन हे सर्वांत विपुल प्रथिन सुमारे ४० मिलिग्रॅम असते, तर मेंदूतून आलेली प्रथिने नॅनोग्रॅममध्ये किंवा त्याहूनही कमी असतात आणि त्या गर्दीत झाकली जातात. अल्ब्युमिन काढून टाकावे, तर त्याला चिकटलेली इतर प्रथिनेही त्यासोबत जातात.

अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे रेणू. ओलिंक कंपनीसारख्या पॅनेलमध्ये, म्हणजे ठरलेल्या प्रथिनांच्या चाचणीसंचात, एकाच प्रथिनावर दोन अँटिबॉडी शेजारीशेजारी बसल्या, तरच त्यांना जोडलेले डीएनएचे धागे जुळून संकेत मिळतो. म्हणूनच काही मायक्रोलिटर रक्तद्रवातही अत्यल्प प्रथिने मोजता येतात. मात्र यादीबाहेरचे काहीच दिसत नाही, आणि आकडे बहुधा सापेक्ष असल्याने निदानाची मर्यादा ठरवायला वेगळी चाचणी करावी लागते.

जीएफएपीचे उदाहरण येथे बोलके आहे. हे मेंदूतील अ‍ॅस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशींमधील प्रथिन रक्तस्रावात पेशी एकदम फाटल्यामुळे लवकर रक्तात उतरते. रक्तवाहिनी तुंबल्यास पेशी सावकाश मरतात, म्हणून ते उशिरा वाढते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २०५ रुग्णांच्या जर्मनी-स्वित्झर्लंडमधील अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यांत, लिटरला ०.२९ मायक्रोग्रॅम या मर्यादेवर रक्तस्राव ओळखण्याची संवेदनशीलता ८४.२ टक्के आणि विशिष्टता (रक्तस्राव नसलेल्यांना तसे अचूक सांगण्याचे प्रमाण) ९६.३ टक्के आढळली. म्हणजे शंभरातले सुमारे सोळा रक्तस्राव निसटतात, आणि अशा रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध देणे जिवावर बेतू शकते. सीटी स्कॅनची जागा ही चाचणी अजून घेऊ शकत नाही.

पहिल्या काही तासांतील निदान हाच प्रश्न असेल, तर मी पॅनेल निवडेन. मास स्पेक्ट्रोमेट्री मेंदूच्या ऊतीवर किंवा मेंदूभोवतालच्या द्रवावर वापरावी, कारण तेथे मेंदूच्या प्रथिनांना अल्ब्युमिनची एवढी आडकाठी नसते. तेथे सापडलेली नावे मग अँटिबॉडी चाचणीने रक्तात तपासावीत.

पद्धत कोणतीही असो, नमुना सीरमचा (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाचा) की रक्तद्रवाचा हे ठरवून सर्व रुग्णांत तेच पाळावे. रक्त गोठताना पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट एमएमपी-९ हे स्ट्रोकमध्येही वाढणारे विकर सोडतात, त्यामुळे सीरममधील त्याची वाढ स्ट्रोकची आहे की परीक्षानळीतली, हे सांगता येत नाही. तुलनेसाठीही निरोगी स्वयंसेवक पुरेसे नाहीत. स्ट्रोकच्या संशयाने आलेले, पण अखेरीस अर्धशिशी किंवा फेफरे निघालेले रुग्ण त्यात हवेतच.