ऑर्बिस : पौल रोमला किती दिवसांत पोचतो? (काही महिन्यांच्या वापरानंतर)

पहिल्या शतकातल्या रोमन सत्तेवर आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींवर कादंबरी लिहिणाऱ्याचं घोडं एकाच जागी पेंड खातं: माणूस इथून तिथे किती दिवसांत पोचला? कपडे, जेवण, देवळं, शिक्षा यांची माहिती पुस्तकांतून मिळते. पण रोमहून निघालेला हुकूम अंत्युखियाला कधी पोचेल, किंवा कैसरियाहून निघालेला सुभेदार वल्हांडण या यहुदी सणाआधी यरुशलेमात असेल का, हे लेखक बहुतेक वेळा अंदाजाने ठरवतात आणि तिथेच फसतात. आग्र्याहून राजगडाला किती दिवस लागले यावर आपल्याकडे अजून वाद चालतो. असल्या वाचकासमोर तीन दिवसांत रोमहून सिरियाला पोचणारा घोडेस्वार टिकायचा नाही.

ऑर्बिस हे यासाठीचं संकेतस्थळ. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर शायडेल आणि एलिजा मीक्स यांनी ते २०१२ मध्ये उभं केलं. मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही. रोमन साम्राज्यातली ६३२ ठिकाणं, ८४ हजार किलोमीटरहून जास्त रस्ते, नाव चालेल अशा नद्या आणि समुद्री मार्ग त्यात एकमेकांना जोडलेले आहेत. निघायचं ठिकाण, पोचायचं ठिकाण आणि महिना किंवा ऋतू निवडायचा, मग सगळ्यात जलद, सगळ्यात स्वस्त की सगळ्यात कमी अंतराचा मार्ग हवा ते सांगायचं. उत्तरात दिवस, किलोमीटर आणि खर्च येतो. ठिकाणांची नावं लॅटिन आहेत, त्यामुळे नेपल्सजवळचं पोत्सुओली शोधायचं तर ‘पुतेओली’ म्हणून शोधावं लागतं. नकाशा मोठ्या पडद्यावरच नीट वापरता येतो.

पहिली गफलत होते ती प्रवासाचं साधन निवडताना. जमिनीवरच्या प्रवासाचे चौदा प्रकार आहेत आणि त्यांच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बैलगाडी दिवसाला १२ किलोमीटर. पाठीवर ओझं घेतलेला हमाल किंवा पुरतं लादलेलं खेचर २०. पायी माणूस, बेताचं ओझं घेतलेलं जनावर आणि सामानासकट चालणारं सैन्य ३०. साधी घोडागाडी ३६, घाईची ५०, नेहमीच्या चालीचा घोडेस्वार ५६, सामान मागे ठेवून केलेली लष्करी दौड ६०, डाकेची वेगवान गाडी ६७. शेवटी टप्प्याटप्प्याला घोडे बदलत रात्रंदिवस धावणारी डाक, ती २५०. हा शेवटचा आकडा मोहात पाडतो. कादंबरीतला प्रत्येक निरोप्या त्यावर बसवला जातो.

तसं करू नये. सरकारी डाक ज्याच्या हातात परवाना त्यालाच मिळे. बिथिनियाचा सुभेदार धाकटा प्लिनी, ज्याने ख्रिस्ती लोकांचं काय करायचं असं सम्राट ट्रेजनला विचारलं तोच, बायकोला घरच्या दुःखाच्या प्रसंगी डाकेचा परवाना दिला म्हणून सम्राटाला पत्रातून खुलासा देतो. सुभेदाराची ही गत, तिथे ख्रिस्ती धर्माचा प्रचार करत फिरणाऱ्या, तंबू शिवणाऱ्या पौलाला घोडे कोण देणार? आणि ऑगस्टसने डाकेची जी पद्धत बसवली तिच्यात जासूद एकच राही, गाड्या बदलत. हेतू असा, की पत्राबरोबर माणसालाही प्रश्न विचारता यावेत. त्यामुळे रोजच्या सरकारी पत्रासाठी ६७ धरा. २५० हा आकडा आणीबाणीसाठी ठेवा, तोही सलग चांगल्या रस्त्यावर.

साधन नीट निवडलं तर जुने मजकूर किती नेमके बसतात ते बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात दिसतं. कैदेतल्या पौलाला यरुशलेमहून कैसरियाला हलवताना २०० शिपाई, ७० स्वार आणि २०० भालेकरी रात्री नऊच्या सुमारास निघतात, रातोरात वाटेवरच्या अंतिपत्रिसला पोचतात आणि दुसऱ्या दिवशी पायदळ परत फिरतं. हे अंतर साठेक किलोमीटर. म्हणजे ६० ची लष्करी दौड, तीही जवळपास सगळी उतारावर. पायदळ तिथून का परतलं, हेही उमगतं: डोंगरातली दबा धरून बसायची जागा मागे पडली होती आणि पुढे सपाट मैदान होतं, जिथे सत्तर स्वार पुरेत. असा प्रसंग लिहिताना थकलेल्या पायांचं वर्णन खुशाल करा, पण एका रात्रीत कैसरिया गाठू नका.

दुसरं उदाहरण पुतेओलीचं. पौल तिथे उतरतो, सात दिवस राहतो, मग पायी रोमकडे निघतो. रोमचे बंधुजन त्याला अप्पियाच्या पेठेपर्यंत सामोरे येतात. पुतेओली ते रोम कापुआमार्गे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि अप्पियाची पेठ रोमपासून ४३ रोमन मैल, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर. पहिल्याच दिवशी पायी निरोप पाठवला तरी तो आठव्या दिवशी रोमला पोचतो. तिथून मंडळी दोन-अडीच दिवसांत पेठेवर येतात. पौल सात दिवसांनी निघून १६० किलोमीटर चालतो, म्हणजे बाराव्या-तेराव्या दिवशी तिथे असतो. जुळतं, आणि मंडळींना दोन दिवस वाट पाहायला मिळतात. एक अख्खं प्रकरण लिहिता येईल इतका तो वेळ आहे.

इथेच ऑर्बिसची सगळ्यात मोठी खोट समजून घ्यावी. ते दाखवतं ते साम्राज्य साधारण इ.स. २०० चं. पौलाचा प्रवास इ.स. ६० च्या आसपासचा, यहूदियाचा (यरुशलेमभोवतालच्या प्रांताचा) सुभेदार पिलात याची कारकीर्द २६ ते ३६. मधल्या दीडशे वर्षांत खूप काही बांधलं गेलं. अलेक्झांड्रियाचं धान्य घेऊन येणारी मोठी गलबतं पौलाच्या काळात पुतेओलीलाच लागत. सम्राट क्लॉडियसने तिबेर नदीच्या मुखावरच्या ओस्तियाजवळ नवं बंदर ४२ साली बांधायला घेतलं खरं, पण त्याला भरवशाचं रूप आलं ते ट्रेजनच्या काळात. ऑर्बिसवर रोमसाठी मार्ग मागितला की ते सरळ तिबेरच्या मुखाशी नेऊन सोडतं. नायक पहिल्या शतकातला असेल तर पोचायचं ठिकाण म्हणून आधी पुतेओली निवडा आणि पुढचा टप्पा वेगळा काढा.

यहूदियात तर याहून बिकट. तिथे आज ठाऊक असलेला सगळ्यात जुना रोमन मैलाचा दगड इ.स. ६९ चा, दहाव्या सैन्यदलाचा सरदार आणि सम्राट ट्रेजनचा बाप मार्कस उल्पियस ट्रायनस याच्या नावाचा. तिथलं पक्क्या रस्त्यांचं जाळं मुख्यतः दुसऱ्या शतकातलं, सम्राट हॅड्रियनच्या काळातलं. पिलाताच्या यहूदियात फरसबंद रोमन सडकेवर रथ धावताना दाखवणं म्हणजे शिवकाळात रेल्वे दाखवणं. गालीलातली लहान गावं ऑर्बिसवर शोधूच नयेत. त्यासाठी प्लायडीस ही प्राचीन स्थळांची मोफत सूची जोडीला ठेवा: तिथून गावाचं नेमकं स्थान घ्यायचं, अंतर हाताने मोजायचं आणि ३० ने भागायचं. पडताळ्याला पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस आहेच. गालीलातून शोमरोनमार्गे यरुशलेमला तीन दिवस, असं तो स्वतः सांगतो. यार्देनच्या खोऱ्यातून वळसा घेणाऱ्यांना यरीहोपासून एकाच दिवसात हजारेक मीटरची चढण लागते, ती वेगळी धरावी. प्रवासी यहुदी असेल तर शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, तो दोन हजार हातांपलीकडे जाणार नाही, म्हणजे एखादा किलोमीटर. सात दिवसांपेक्षा लांबच्या कुठल्याही प्रवासात निदान एक दिवस असा जातोच. यंत्राला हे माहीत नाही आणि बहुतेक कादंबरीकारही ते विसरतात.

समुद्राचं गणित हा ऑर्बिसचा खरा गुण. दर महिन्याचे वारे, प्रवाह आणि लाटांची उंची त्यात धरलेली आहे. त्यामुळे जाण्याचे आणि येण्याचे दिवस सारखे येत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. उन्हाळ्यात भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात वारा उत्तर-वायव्येकडून सतत वाहतो. इटलीहून अलेक्झांड्रियाला जाणारं गलबत त्या वाऱ्यावर स्वार होतं. पुतेओलीहून नवव्या दिवशी अलेक्झांड्रिया गाठल्याची नोंद रोमन ग्रंथकार थोरल्या प्लिनीने केली आहे. परतीला मात्र तोच वारा नाकावर, म्हणून धान्याची गलबतं सायप्रस, लिशियाचा किनारा, क्रीट अशी आडोसा धरत येतात आणि दीड-दोन महिने खातात. रोमला नेताना लिशियातल्या मुरा बंदरात पौलाला अलेक्झांड्रियाचं गलबत मिळतं ते यामुळेच. त्याला योगायोग समजून लिहिलंत तर प्रसंगाची हवाच जाते.

पण हिवाळ्याचा महिना निवडला तरी ऑर्बिस समुद्री मार्ग दाखवतं, आणि इथे लेखकाने स्वतःची अक्कल वापरायची आहे. युद्धशास्त्रावर लिहिणारा रोमन लेखक वेगेतियस याच्या मते समुद्र निर्धोक तो २७ मे ते १४ सप्टेंबर. ११ नोव्हेंबर ते १० मार्च बंद. मधला काळ ज्याच्या त्याच्या हिमतीवर. कृत्यांत ‘उपासाचा दिवस होऊन गेला होता’ असं येतं. तो यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, सप्टेंबर-ऑक्टोबरातला. म्हणजे पौलाचं गलबत नेमकं त्या मधल्या काळात क्रीटहून निघतं, वादळात सापडतं आणि चौदा दिवसांनी २७६ माणसांसह माल्टावर फुटतं. सगळे वाचतात, पण तीन महिने बेटावरच अडकतात. हे तीन महिने कुठल्याही नकाशाच्या उत्तरात येणार नाहीत. गलबत मिळेपर्यंतचे दिवस, वारा फिरेपर्यंतचे दिवस, माल चढेपर्यंतचे दिवस हे सगळं उत्तराच्या बाहेर राहतं. तेव्हा प्रवासी गलबतांचं वेळापत्रक नव्हतं. बंदरावर जाऊन मालवाहू गलबतात जागा शोधायची, एवढाच मार्ग. समुद्री टप्पा असेल तर ऑर्बिसचं उत्तर हा कमीत कमी काळ धरावा.

सरासरी आणि प्रत्यक्ष यांतली फट किती असू शकते, ते योसेफसच्या एका नोंदीत दिसतं. यरुशलेमच्या मंदिरात आपला पुतळा बसवायचा हुकूम कॅलिग्युलाने दिला. सिरियाचा सुभेदार पेत्रोनियस टाळाटाळ करत राहिला, तेव्हा सम्राटाने त्याला जीव द्यायला सांगणारं पत्र धाडलं. ते नेणारे जासूद हिवाळी समुद्रात तीन महिने अडकले. दरम्यान २४ जानेवारी ४१ ला कॅलिग्युलाचा खून झाला, ती बातमी नेणाऱ्यांना वारा चांगला लागला, आणि मृत्यूची बातमी आधीच्या पत्रापेक्षा २७ दिवस अगोदर पोचली. पेत्रोनियस वाचला. दोन्ही पत्रांसाठी ऑर्बिस उत्तर देईल ते एकमेकांच्या जवळपासचं. कादंबरीकाराला हवंय ते या दोन पत्रांच्या पोचण्यात पडलेल्या अंतरात.

खर्चाच्या रकान्याबद्दल एक ताकीद. तिथले डिनॅरियस (हे रोमन नाणं) सम्राट डायोक्लिशनच्या ३०१ सालच्या दरपत्रकावरून आलेले आहेत, आणि तोवर महागाईने नाण्याचा चुराडा केला होता. त्या दरपत्रकात शेतमजुराची रोजची मजुरी जेवणासह २५ डिनॅरियस, आणि गाडीतल्या उतारूचं भाडं मैलाला २. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसाची मजुरी एक डिनॅरियस. शंभर मैलांचे २०० डिनॅरियस जसेच्या तसे पहिल्या शतकात उचलून नेले, तर मजुराची दोनशे दिवसांची कमाई एका फेरीत गेली असं होतं. त्या दरपत्रकातल्याच मजुरीने भागलं तर आठ दिवसांची. हिशेब ढोबळ असला तरी कादंबरीसाठी पुरे. म्हणून आकडा डिनॅरियसमध्ये न देता ‘आठ दिवसांची मजुरी’ असं लिहावं. वाचकालाही ते पटकन कळतं.

ठिकाणांमधलं अंतर प्रवासखर्चानुसार ताणून दाखवणारा नकाशाही आहे. दिसायला छान, लिहिताना फारसा कामी येत नाही.

आपल्याकडच्या लेखकाला एक प्रश्न हमखास पडेल: पैठणचा व्यापारी अलेक्झांड्रियात दाखवायचा तर? ऑर्बिसचा नकाशा हिंदी महासागरात येतच नाही. तो टप्पा हाताने जोडावा लागतो, आणि त्याचे आकडे जुन्या ग्रंथांत चांगले मिळतात. ‘एरिथ्रियन समुद्राचं पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी माहितीपुस्तकानुसार भडोचपासून पैठण वीस दिवस दक्षिणेला आणि तेर तिथून दहा दिवस पूर्वेला. थोरला प्लिनी लाल समुद्रावरच्या बेरेनिकेहून नाईलकाठच्या कोप्तोसला वाळवंटातून बारा दिवस देतो. कोप्तोसपासून पुढे नाईलचा टप्पा ऑर्बिसवर काढता येतो, फक्त वर चढतानाचा आणि खाली उतरतानाचा आकडा वेगळा घ्या. महिन्यांवर लक्ष ठेवा: इजिप्तहून भारताकडे निघायचं तर जुलैच्या सुमारास, आणि भारतातून परत डिसेंबरात, उशिरात उशिरा जानेवारीच्या मध्याआधी. त्यामुळे असा व्यापारी वल्हांडणाच्या सुमारास, म्हणजे मार्च-एप्रिलात, अलेक्झांड्रियात असणं सहज शक्य आहे. नोव्हेंबरात तो भारतातून नुकताच आलाय असं लिहिलंत, तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल.