रामबागेतला नाट्यवाचनाचा वर्ग: ‘अँटिगनी’ वाचून झाल्यावर

इंदूरला रामबागेत एका जुन्या घराच्या माडीवर रविवारी सकाळी ग्रीक शोकांतिका मोठ्यानं वाचायचा वर्ग भरतो. यंदा सॉफोक्लीसचं ‘अँटिगनी’ होतं, इ.स.पू. ४४१च्या सुमाराचं. फी रास्त, मध्ये चहा-पोहे. इथल्या मराठी मंडळींनी जावं असं मला मनापासून वाटतं.

पद्धत जुन्या अथेन्सची आहे. तिथे तीनच नट मुखवटे बदलून सगळ्या भूमिका करत आणि कोरस, म्हणजे एकत्र गाणारा-बोलणारा गट, १५ जणांचा असे. इथेही वाचणारे तिघं, बाकी आम्ही कोरस, म्हणजे नाटक घडतं त्या थीब्ज शहरातले म्हातारे. तिघं दर वेळी बदलतात, त्यामुळे गेल्या खेपेला अँटिगनी होऊन भांडलेल्या बाई या खेपेला क्रेऑन होऊन तिलाच शिक्षा सुनावतात. क्रेऑन थीब्जचा राजा, अँटिगनीचा सख्खा मामा. दोन भाचे, अँटिगनीचे भाऊ, एकमेकांच्या हातून मेलेले. शहरासाठी लढला त्याला मान, शहरावर चाल करून आला त्याला मूठभर मातीसुद्धा नाही, असा क्रेऑनचा हुकूम. युद्ध नुकतंच संपलंय, गादी नवी आहे. त्याचं पहिलं भाषण स्वतःच्या तोंडून म्हणून बघा, पटतं. पुढे पोटचा मुलगा हेमॉन समजावतो तेव्हाही तो ऐकत नाही, तिथे तो हातचा जातो.

माझ्या वाट्याला पहारेकरी आला. कुणीतरी प्रेताला माती दिली, ही खबर राजाला सांगायला चिठ्ठीत त्याचंच नाव निघतं. नंतर तोच माती देणाऱ्या अँटिगनीला पकडून आणतो आणि म्हणतो: मी सुटलो याचा आनंद आहे, आपल्या माणसांना संकटात लोटायचं दुःखही आहे, पण माझ्या जिवापुढे ते कमीच.

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनात, मी मुक्तिधामाच्या, म्हणजे स्मशानाच्या, गेटवर ड्यूटीला होतो. मोजकीच माणसं आत सोडायची, असा हुकूम होता. बाहेर उभ्या मुली-सुनांना मीच थांबवत होतो. ते वाक्य वाचताना माझा आवाज बसला. कुणी घाई केली नाही, कुणी पाठही थोपटली नाही. वर्ग घेणाऱ्या ताई एवढंच म्हणाल्या, “काका, सावकाश. परत वाचा.” मग या पहारेकऱ्यावर पाऊण तास बोलणं झालं. कुणी त्याला भित्रा म्हणालं, कुणी म्हणालं त्यालाही घरी लेकरं असतील. ताईंनी निकाल दिला नाही. असं बोलायला दुसरी जागा मला गावात ठाऊक नाही.

तक्रार एकच, पण मोठी. वेळ अपुरा पडला की कोरसची गाणी उरकतात. माणसानं समुद्र ओलांडला, जमीन नांगरली, असाध्य रोगांवर उपाय काढले, फक्त मरणातून सुटका नाही, हे गाणं उरकायचं? ज्या शहरानं ऑक्सिजनसाठी रांगा लावल्या, त्या शहरात?

भाषांतर ताईंचंच, इंग्रजीवरून केलेलं; हेमॉनची वाक्यं बोलायला सोपी आहेत, आंधळ्या भविष्यवेत्त्या टायरेसियसची जड झालीत.

पुढचं नाटक युरिपिडीसचं ‘ट्रॉयच्या स्त्रिया’. अथेन्सनं मेलोस बेटावरचे पुरुष कापून बायका-मुलं गुलाम केली, आणि लगेच इ.स.पू. ४१५मध्ये त्याच अथेन्सकरांसमोर, हरलेल्या शहरातल्या बायकांचं हे नाटक झालं. मी नाव दिलंय. तुम्ही आलात तर कागद आधी मागून घ्या. झेरॉक्स फार बारीक असते.